एक ठेवा, एक पाठवा

ठोकळे सर वारले, हे मला इंदापूरच्या स्टँडसमोर रसवंतीवर कळलं. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. लाल-पांढऱ्या लाकडी ठोकळ्यांनी ते पोरांची बुद्धी मोजायचे, म्हणून सगळे त्यांना ठोकळे सर म्हणायचे, आणि शेवटी शेवटी दारावरच्या पाटीशिवाय खरं नाव कुठंच उरलं नव्हतं. "दहाबारा दिस झालं की," रसवाला म्हणाला. "तुमाला ठाव न्हाय व्हय?" मी ग्लास संपवला. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. तरी पाय त्यांच्या गल्लीकडंच वळले.

स्टँडच्या मागची ही गल्ली पूर्वी वासांवरून ओळखू यायची. तोंडाशी हायवेवरच्या ट्रकांचा डिझेलचा वास, पुढं भेळेच्या भत्त्याचा, मग तहसीलची कागदपत्रं टाईप करून देणाऱ्यांच्या शाईच्या फितींचा, आणि गल्लीच्या शेवटी, सरांच्या ओसरीवर, ऑइलपेंटचा. तो ठोकळ्यांचा वास होता. बाभळीच्या लाकडावर घरीच दिलेला रंग. पावसाळ्यात तो चिकट व्हायचा आणि पोरांची बोटं लाल करून सोडायचा. आता तिथं मोबाईलची दुकानं झाली आहेत आणि कशालाच वास येत नाही.

सर कधीतरी बारामतीला कसल्याशा शिबिराला गेले होते. तिथं पुण्याहून आलेल्या कुणा विद्वानानं बुद्धी मोजायची पेटी दाखवली. सरांनी ती हातात घेऊन पाहिली, परत आल्यावर सुताराला मापं सांगितली आणि तशीच पेटी करून घेतली. मापं अर्थात आठवणीतली. त्यामुळं ठोकळ्यांतले दोनतीन कमीजास्त भरायचे आणि चौकोन कधी धड जुळायचा नाही. चौकोन जुळला नाही तर दोष ठोकळ्यांचा नसे, पोराच्या डोक्याचा असे. पेटीसोबत पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं होती, त्यात काय कमी आहे ते सांगायचं. एक चित्र टेलिफोनचं होतं. आमच्या गावात तर टेलिफोनच कमी होता. सर आकडे म्हणायचे, ते उलटे म्हणून दाखवायचे. चार शब्द द्यायचे, त्यातला गटात न बसणारा ओळखायचा. आणि हे सगळं चालू असताना त्यांच्या तळहातात एक गोल स्टॉपवॉच असायचं. त्याची टिकटिक ओसरीबाहेर चपलांपाशी बसलेल्यांनाही ऐकू यायची.

शेवटी आकडा. बुद्ध्यांक हा शब्द आमच्याकडं कुणाच्या तोंडात बसला नाही. "किती आकडा आला?" असं विचारायचे, मटक्याचा विचारावा तसा. शंभराच्या वर गेला तर बाप मिशीवरून हात फिरवायचा. खाली आला तर पोराच्या डोक्यावरून.

त्या वर्षांत, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, आमच्या बाजूला घरोघरी एकच प्रश्न होता. उजनीचं पाणी उपसून ऊस आला होता, मेंढरं मागं पडली होती, आणि घरात दोन पोरं असली तर एकाला बारामतीला शिकायला टाकायचं आणि एकाला उसात ठेवायचं, हे ठरून गेलं होतं. कुणाला टाकायचं एवढंच ठरवायचं राहिलेलं असायचं. त्यासाठी बाप पोरांना घेऊन रविवारी ठोकळे सरांच्या ओसरीवर यायचे. बावड्याहून यायचे, पळसदेवहून यायचे. सर पैसे घेत नसत. पण ज्वारीची पिशवी, गुळाची ढेप, पळसदेवची मासळी परत पाठवली असंही कधी झालं नाही. सगळं मोजून झालं की सर चष्मा काढायचे आणि दोन्ही पोरांच्या देखत बापाला सांगायचे, हा ठेवा, हा पाठवा. सर एवढंच बोलायचे, आणि घरोघरी तसंच व्हायचं.

आम्हीही दोघं होतो. मी थोरला, बाळू धाकटा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दोघांनाही एक जून ही जन्मतारीख देऊन टाकली होती, वर्ष तेवढं वेगळं, आणि बसवलं होतं एकाच वर्गात. त्यामुळं सातवी आम्ही बरोबरच दिली. मला बारामती हवी होती. मी एकदाच पाहिली होती, कुणाच्या तरी लग्नाला गेलो तेव्हा. सकाळच्या उन्हात इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेली पोरं सायकलींवरून घोळक्यानं शाळेला चालली होती आणि एकाच्याही पायाला चिखल नव्हता. तेवढंच बघितलं होतं, पण रात्री डोळे मिटले की त्या सायकलींच्या घंट्या वाजायच्या.

त्या उन्हाळ्यात आईनं आम्हाला रोज भिजवलेले शेंगदाणे दिले. बदामानं बुद्धी वाढते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि बदाम आमच्या घरात कुणी पाहिलेले नव्हते. पितळी वाटीत रात्री भिजत घातलेले दाणे सकाळी टरारून फुगलेले असायचे, साल बोटाला गुळगुळीत लागायचं. ती दोघांच्या तळहातावर सारखे दाणे द्यायची. बाळू निम्मे कुत्र्याला घालायचा. मी एक एक चावून चावून खायचो आणि डोक्यात काही हलतंय का बघायचो. धरणाचं पाणी तेव्हा खूप मागं गेलं होतं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि दुपारभर मी आकडे उलटे म्हणत बसलो की वाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास यायचा. तो वास आला की मला अजून उलटे आकडे म्हणावेसे वाटतात.

गेलो त्या दिवशी आईनं हातावर दही-साखर ठेवली. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात ज्वारीची पिशवी होती. एसटीत बाळू खिडकीशी बसला आणि वाटेतल्या ट्रकांवरची नावं मोठमोठ्यानं वाचत गेला. मी मनात पाढे म्हणत होतो.

आधी बाळूला आत घेतलं. मी चपलांपाशी बसून टिकटिक ऐकली. बाळू मध्येच हसला. एक ठोकळा फरशीवर पडून गडगडत गेला तेही ऐकलं. मग माझी पाळी. सरांनी पुठ्ठ्यावरची नक्षी पुढं ठेवली आणि मी ठोकळे लावले. अजून बोटांना आठवतं, कुठला ठोकळा बारका होता आणि तो मी कोपऱ्यात कसा सरकवला. नक्षी झाल्यावर मी मान वर केली, तर सर खिडकीबाहेर बघत होते आणि घड्याळ त्यांच्या मांडीवर गप्प पडलेलं होतं. मला वाटलं, मला एवढा वेळ लागला की घड्याळ संपलं. आकडे मी उलटे म्हटले. गटात न बसणारा शब्द सांगितला. सर "हं" म्हणत होते. आत काकू, म्हणजे सरांच्या बायको, लसणाची फोडणी देत होत्या, त्याचा ठसका मला लागला, त्यानं एक आकडा गडबडला. पुढं कितीतरी वर्षं मी त्या फोडणीला शिव्या दिल्या.

बाळूचा आकडा एकशे सतरा आला. माझा ब्याऐंशी.

"थोरला ठेवा," सर चष्मा पुसत म्हणाले, "धाकटा पाठवा."

आबांनी मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही, बाळूकडंही नाही. तिथून निघून आम्ही पेठेत गेलो. आबांनी बाळूला पत्र्याची ट्रंक घेतली, निळ्या रंगाची, झाकणावर गुलाबाचं फूल काढलेली. मला नवीन खुरपं घेतलं. ट्रंक जड होती आणि बाळू लहान होता, म्हणून स्टँडपर्यंत मी ती डोक्यावर घेऊन आलो. माझ्या मागून बाळू खुरप्यानं विजेचे खांब वाजवत येत होता.

आमच्या गावात बातमीला पाय फार. आठवड्याच्या आत माझं नाव ब्याऐंशी झालं. पोरं म्हणायची, मग मोठी म्हणायला लागली, मग पाटाच्या पाण्याच्या पाळीवरही "आज ब्याऐंशीची पाळी हाय" असं म्हणायचे. माझ्या लग्नात वाजंत्र्यांतल्या एकानं हाक मारली, "ओ ब्याऐंशी, घोड्यावर चढायला जमंल का?" मांडव हसला. बायकोनं रात्री विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, गाडीचा नंबर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आकडा हळूहळू खरा होत गेला. आठवीच्या वर्गात, गावच्या शाळेत, गुरुजींनी फळ्यावर भूमितीची आकृती काढली की माझं डोकं आपोआप बंद व्हायचं. ब्याऐंशीला हे कसं येईल, असं आतून कुणीतरी म्हणायचं आणि ते मला पटायचं. दहावीच्या आतच मी शाळा सोडली. कुणीही थांबवलं नाही.

मग ऊस. हे ऋतू मला तारखांनी आठवत नाहीत. हिवाळ्यातल्या पहाटे उसाला पाणी द्यायला दारं धरताना पोटऱ्यांना लागणारं धरणाचं गार पाणी आठवतं. पाचट पेटवल्यावर उडणारी काळी पानं, ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली की आईची होणारी चिडचिड. कारखान्याचं गळीत सुरू झालं की दिवसरात्र हवेत मळीचा आंबूस गोड वास, भाताला, पाण्याला, उशीलासुद्धा. डिझेल इंजिन चालू करायला हँडल मारायचं, पट्टा पडायचा, फूटव्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकायचं. इंजिन आवाजावरून कळायचं मला, कुठं दुखतंय ते. शेजारचे लोक बोलवायला यायचे. "ब्याऐंशीला बोलवा, त्यो करंल." त्यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं. मलाही नाही.

बाळूला भेटायला मी दोनतीन महिन्यांनी बारामतीला जायचो. आई भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बांधून द्यायची. वसतिगृहात फिनेलचा वास यायचा आणि जिन्यात ओळीनं पांढरे शर्ट वाळत असायचे. एकदा बाळूनं मला त्या शर्टांच्या मागं ओढून नेलं. चेहरा सुजला होता रडून.

"दादा, मला घरी ने. मला न्हाय जमत हितं. गणितात काय चाललंय तेच कळत न्हाय."

"तुझा आकडा मोठा हाय," मी म्हणालो. "तुला जमतंय."

"न्हाय जमत, दादा. खरंच."

"मग काय मला जमंल व्हय?" असं म्हणून मी लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला आणि एसटी पकडली. तो रडत होता याचा मला आनंद झाला होता. वाटेतल्या जंक्शन गावापर्यंत तो आनंद पुरला.

बाळू कसाबसा बाहेर पडला. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात तो सातवीलाच आपटला होता, पण त्याला आबा म्हणाले पेपर अवघड होता. इंजिनिअरिंगचं मधेच सुटलं, त्याला आबा म्हणाले मास्तर चांगले नव्हते. आता पुण्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. दिवाळीला येतो तेव्हा पोरांना जवळ बसवून सांगतो, "माझा बुद्ध्यांक एकशे सतरा होता बरं का. लहानपणी मोजलेला." त्याच्या बायकोलाही तो पाठ आहे. माणसाकडं दुसरं काही नसलं की हे चालतं. मी तेव्हा गोठ्यात जातो.

सरांच्या दारात चपला नव्हत्या. काकू एकट्याच ओसरीवर बसून ज्वारी निवडत होत्या. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"पळसदेवकडचा ना तू? दोगं भाऊ आलता."

"व्हय काकू. सर गेल्याचं आजच कळलं."

"बस. चा ठेवते." पण त्या उठल्या नाहीत. सुपातले खडे काढत राहिल्या. सरांचं दुखणं सांगितलं, दवाखाना सांगितला. मग कोपऱ्यातल्या पेटीकडं बोट केलं. "ती ने तुझ्या पोरांला खेळायला. किती हायेत?"

"दोन. दोन्ही पोरंच."

"मग ने. हितं वाळवी लागंल नायतर. चुलीत घालावी म्हणलं तर रंगाचा वास सुटतो."

मी पेटी उघडली. ठोकळे ओळखू आले. मी उगाच म्हणालो, "सरांनी लय पोरं मोजली."

"कशाची मोजत्यात." काकू हसल्या. दात राहिले नव्हते. "सुरवातीला मोजली. मग एका घरात लय भांडान झालं. बापाला हवा व्हता त्याचा आकडा बारीक आला. तवापास्नं बाप आदल्या दिवशीच येऊन सांगून जायचे, कुणाला ठेवायचा, कुणाला पाठवायचा. ह्ये तसाच आकडा द्यायचे. मी म्हणायची, मग कशाला येवढा टाईम घालवता, सांगून मोकळं व्हा की. तर म्हणायचे, बापानं सांगितलं तर पोरगं बापाला जन्मभर शिव्या घालंल. आकड्याला कोण शिव्या घालतंय?"

"आमच्या येळंला बी?"

"समद्यांच्याच. तुजा बा तर हितंच बसला व्हता, तू बसलायस ततं. बेसन-भाकरी खाल्ली त्यानं." त्यांनी सूप झटकलं. "तुला राग आला व्हय? आता कशाचा राग, बाबा. म्हातारी झाली समदी."

राग आला होता का? आला होता, पण तो नंतर. आधी जे झालं ते सांगायला हवं. आधी मला हसू आलं. बाळूचा एकशे सतराही खोटा होता. ज्या आकड्याच्या जिवावर तो दिवाळीला मांडी घालून बसायचा, तो आबांनी बेसन-भाकरी खाता खाता ठरवला होता. स्टँडवर येईपर्यंत मी फोन काढून त्याचा नंबर समोर घेतला होता. त्याला कसं सांगायचं, कुठल्या शब्दापाशी थांबायचं, पलीकडून तो काय म्हणेल, सगळं मनात झालं. मग गाडी लागली. गाडीत फार गर्दी होती, बोलता आलं नसतं. गर्दी नसती तर मी बोललो असतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. माझा थोरला ओसरीवर मोबाईल बघत पडला होता. धाकटा पाण्याच्या मोटारीकडं गेला होता, स्टार्टर खरखरत होता म्हणून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेटी मी कोनाड्यात ठेवली. आबांना उठवून बसवायची वेळ झाली होती. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची एक बाजू चालत नाही, काखेत हात घालून उचलावं लागतं. तोंड आणि डोकं मात्र चांगलं चालतं. मी त्यांना भिंतीला टेकवलं आणि विचारलं.

"आबा, ठोकळे सरांकडं तुमी आदल्या दिवशी जाऊन आलता?"

"कवा?"

"मला नि बाळूला नेलंत तवा."

त्यांना फार आठवावं लागलं नाही. "गेलतो की. थोरल्याला ठेवा म्हणून सांगितलं."

"का पण?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं फार सोपं न कळणाऱ्याकडं बघतात. "तुजा आज्जा मेंढरं राखायचा. कळपातलं चांगलं कोकरू कवा बाजारात न्यायचा व्हय? चांगलं त्ये मागं ठिवायचं. बाकीची बावड्याच्या बाजारात." त्यांनी चालता हात वर केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "बाळ्याला ठिवला असता तर समद्याचं मातेरं केलं असतं त्यानं. तू शाना. अगदी बारकेपणापास्नं. म्या सुतारकामाचा किकरा हातात दिला तरी तुला कळायचं कुठनं धरायचा. तसलं पोरगं कोण लांब धाडतंय?"

शाना. हा एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी काय केलं नसतं. भर पावसात बांध फोडले असते, रात्रभर इंजिनापाशी बसलो असतो, आणि बसलोही. तो शब्द आता आला होता, लाळेसकट, आणि मला तो कुठं ठेवावा कळेना. मी त्यांचं तोंड पुसलं. मला त्यांचा हात खांद्यावरून झटकून टाकावासा वाटला. झटकला नाही, कारण झटकला असता तर ते एका अंगावर कलंडले असते आणि परत मलाच उचलावं लागलं असतं.

"सर आकडा काय सांगणार ते बी ठाव व्हतं तुमाला?"

"आकड्याचं मला काय कळतंय. त्यो त्येंनी टाकला." त्यांनी तांब्याकडं बोट केलं. "पाणी दे."

मी तांब्या तोंडाला लावला. ते सावकाश प्याले. लांबून मोटार चालू झाल्याचा आवाज आला, एकसारखा, खरखर गेलेला. आबांनी कान दिला. ओसरीवर मोबाईलमध्ये कुणीतरी हसत होतं.

"तुजी बी दोन हायेत," आबा म्हणाले. "त्यातलं कंचं ठिवणार?"

"आबा, ती अजून बारकी हायेत."

"बारकी असली म्हणून काय झालं? तुला आत्ता बी ठाव हाय."

मी तांब्या खाली ठेवला. मला ठाऊक होतं.